लँकेस्टरची काच

नवऱ्याने बायकोला सिस्टर म्हणावं, यावरून त्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी हसून घ्यायचा. पण त्याला इलाज नव्हता. लग्नाआधी आठ वर्षं आणि लग्नानंतर बावीस वर्षं ती डॉक्टरांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली होती. डोळ्याचं ऑपरेशन करणारा माणूस सूक्ष्मदर्शकातून मान वर काढत नाही. नुसता तळहात पुढे करतो, आणि त्यावर काय ठेवायचं ते सिस्टरला न सांगता कळावं लागतं. हिला कळायचं. पुढे कंबरेने दगा दिला, तासन्‌तास उभं राहणं जमेना, तिने काम सोडलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. तीही त्यांना डॉक्टरच म्हणायची, अगदी भांडतानासुद्धा.

डॉक्टरांना नाद एकच. ब्रिटिशांची जुनी बॉम्बर विमानं. खरी नव्हेत, टेबलावर मावणारी. खोक्यात प्लास्टिकचे दोनअडीचशे तुकडे यायचे. ते सोडवायचे, घासायचे, चिमट्याने धरून चिकटवायचे, मग रंगवायचे. वरून मातकट तपकिरी आणि गडद हिरवा, खालून काळाकुट्ट, कारण ही विमानं रात्रीची जायची आणि खालच्या माणसाला ती दिसू नयेत अशी योजना होती. इंजिनांपुढचे पंखे डॉक्टर मुद्दाम सैल ठेवायचे. विमान पुरं झालं की हळूच फुंकर मारायचे, आणि पंखे भिरभिरले की साठीच्या या माणसाच्या तोंडावर जे हसू यायचं ते पाहून सिस्टरचा सगळा राग जायचा.

"असली वस्तू कुणी बैठकीत मांडतं का?" ती तरीही म्हणायची. "माणसांच्या डोक्यावर आग ओतत हिंडायची ही."

"माझी नाही ओतत," डॉक्टर म्हणायचे. "माझी गुणी आहेत."

काचेच्या कपाटात ती बनवल्याच्या क्रमाने उभी होती. आलेल्या-गेलेल्याला डॉक्टर हौसेने दाखवायचे, पण कपाट उघडण्याआधी दम भरायचे, "डोळ्यांनी बघायचं, हातांनी नाही." सिस्टरलासुद्धा सूट नव्हती. धूळ झटकायची तर मऊ कुंचल्याने, लांबून.

या कामातली खरी कसोटी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच. खऱ्या विमानात ती लहान लहान तावदानांची असते, मध्ये धातूच्या पट्ट्या. खेळण्यात सगळी काच एक तुकडा, आणि पट्ट्या रंगाने ओढायच्या, केसाएवढ्या. बाकीचे शौकीन काचेवर बारीक टेप चिकटवतात, वरून रंग देतात आणि टेप सोलून काढतात. रेघ सरळ येते. डॉक्टरांना त्याची चीड होती.

"टेप म्हणजे कुबडी," ते ऐकवायचे. "आणि लपत नाही ती. रंग टेपेच्या कडेला साचतो. टेप काढली की रेघेला कड उठते. दिसत नाही, पण बोट फिरवलं की लागते. माझ्या रेघेवर फिरवा बोट, काही लागलं तर सांगा."

आता, हात लावायची बंदी करणाऱ्यानेच बोट फिरवायचं आव्हान द्यायचं, यातली गंमत त्यांच्या कधी लक्षात आली नाही. कुणी बोट फिरवलंही नाही. गरजच नव्हती. त्यांचा हात गावाला ठाऊक होता. तीस वर्षांत हजारो डोळे त्या हाताखालून गेले होते, आणि त्या हातावरून जीव ओवाळून टाकावा असं बोलणारी माणसं भर रस्त्यात भेटायची.

सतरावं विमान हॅलिफॅक्स. ते कपाटात गेल्यावर तीन-चार दिवसांनी सिस्टर धूळ झटकत होती आणि तिचा कुंचला मध्येच थांबला. काचेवरच्या रेघा हलल्या होत्या. फार नाही. एखादी मध्येच जाड झालेली, एखादी शेवटाला घसरलेली. दुसऱ्या कुणाला दिसल्याही नसत्या. पण जिने तीस वर्षं त्या हाताकडेच बघत उभं राहून काढली, तिच्या नजरेतून त्या सुटल्या नाहीत.  एखाद दिवस माणूस दमलेला असतो, असं तिने मनाला समजावलं.

अठरावं स्टर्लिंग. ते डॉक्टरांनी कपाटात शेपटी पुढे करून ठेवलं. याआधीच्या सगळ्यांची तोंडं पुढे होती.

सिस्टरला एक धाकटी बहीण होती. तिचं शिवणकामाचं दुकान होतं, एका खोलीचं, आणि जीभ कात्रीसारखी. लहानपणी खेळताना काठी लागून तिचा डावा डोळा गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर तिने उभा जन्म सुईत दोरा ओवला होता, आणि आता त्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. शेजारीण म्हणत होती, मोठ्या शहरातल्या इस्पितळात जा. सिस्टरनेच ते उडवून लावलं होतं. घरात एवढा डॉक्टर असताना परक्याच्या दारात कशाला? तारीख ठरली होती, महिन्याने.

स्टर्लिंगची शेपटी बघितल्यापासून सिस्टरला घास गोड लागेना. शेवटी एका सकाळी चहा ओतता ओतता तिने विचारलंच.

"डॉक्टर, रेघा का हलल्यात?"

"कुठल्या?"

"माहीत आहे तुम्हाला कुठल्या."

"ब्रश जुना झालाय."

"ब्रशच ना?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "सरळ बोल, सिस्टर."

"धाकटीला एकच डोळा आहे. दुसऱ्या कुणाकडे पाठवू या का?"

डॉक्टर उठून गेले. चार दिवस अबोला. तसं त्यांना भांडता यायचं नाही, नुसतं गप्प बसता यायचं, आणि ते भांडण्यापेक्षा वाईट. त्या दिवसांत ते लँकेस्टर बनवत होते, चार इंजिनांचं, काचाच काचा असलेलं. एरवी दार सताड उघडं टाकून, गुणगुणत काम करणारा माणूस, पण त्या रविवारी त्यांनी दार लोटून घेतलं. सिस्टरला वाटलं, रागावलेत.

संध्याकाळी हाक आली. "सिस्टर, भिंग घेऊन ये."

टेबलावर लँकेस्टर उभं होतं. डॉक्टरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. "बघ," ते म्हणाले. "नीट बघ. मग सांग कुणाकडे पाठवायचं ते."

तिने भिंगातून एकेक रेघ पाहिली. पुढची काच, वरची, शेपटीकडच्या तोफेची. एक रेघ केसभर इकडची तिकडे नव्हती. ओठांवर आलेलं 'चुकले' तिने गिळलं, कारण म्हटलं असतं तर रडू आलं असतं. स्वयंपाकघरात जाऊन ते रडून घेतलं. नवऱ्याच्या हातावर संशय घेतला म्हणून तिला स्वतःची लाज वाटली. मग डोळे पुसून तिने धाकटीला फोन केला. "दाजींचा हात अजून दगडासारखा स्थिर आहे," ती म्हणाली. "तू डोळे मिटून ये."

"एक तर मिटलेलाच आहे," धाकटी म्हणाली. "दुसरा मिटते."

ऑपरेशन बिघडलं. डोळ्याच्या आतली पातळ पिशवी फाटली, डोळ्यातलं भिंग आत घसरलं, आठवड्याभरात मागचा पडदा सुटला. तेव्हा कुठे मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न करून हात टेकले. उजेड आणि अंधार एवढं कळतं, बाकी काही नाही. "शंभरात एखाद्याला होतं असं," डॉक्टर म्हणाले. ते खोटं नव्हतं. सिस्टरने स्वतः थिएटरच्या दाराशी उभं राहून किती नातेवाइकांना हेच वाक्य सांगितलं होतं.

धाकटीचं दुकान मिटलं. ती ताईकडे राहायला आली. पहिला महिना ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. दुसऱ्या महिन्यात जीभ परत आली, आणि सिस्टरला हायसं वाटलं. धाकटी घरातली प्रत्येक वस्तू हाताने चाचपून ओळखायला लागली. खिडकीच्या पडद्याला हात लावून म्हणाली, "कुणी शिवलाय हा? टाके बघ, एक पूर्वेला एक पश्चिमेला." जन्मभर कापडाची शिवण बोटांनी तपासलेली बाई ती. डोळा गेला तरी बोटं कुठे गेली होती.

डॉक्टर तिच्याशी फार हळू बोलायचे. तिच्यासाठी खुर्ची सरकवायचे, तिचा कप तिच्या हाताशी ठेवायचे, आणि तिच्यासमोर फार वेळ बसायचे नाहीत. नवीन विमान आणलं नव्हतं. थिएटरला मात्र जात होते, पहिल्यासारखेच. तिथली नवीन सिस्टर पोरगेली होती. तिला काही दिसलं असतं तरी ती बोलली नसती.

एका रविवारी दुपारी तिघं बैठकीत असताना धाकटी म्हणाली, "दाजी, तुमची ती विमानं एकदा तरी दाखवा. डोळा होता तेव्हा तुम्ही हात लावू दिला नाहीत, आणि मला काही तेव्हा त्यात राम वाटला नाही."

डॉक्टर नाही म्हणतील असं सिस्टरला वाटलं. पण या बाईला आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? "लाव हात," ते म्हणाले. "हवा तेवढा लाव." आणि पाण्याचं निमित्त करून आत गेले.

सिस्टरने कपाट उघडलं आणि एकेक विमान धाकटीच्या मांडीवर द्यायला सुरुवात केली. धाकटीची बोटं पंखांवरून, शेपटीवरून, काचेवरून हलकेच फिरत होती. वेलिंग्टनच्या पोटावर हात फिरवून ती म्हणाली, "हे जरा सुटलंय गं, आपल्या मामासारखं." सिस्टर हसली. कित्येक दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. हॅलिफॅक्स झालं. स्टर्लिंग झालं. मग लँकेस्टर.

धाकटीचं बोट काचेवर थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"हे निराळं आहे."

"काचा जास्त आहेत त्याला."

"तसं नव्हे. बाकी सगळ्यांच्या काचा कशा गुळगुळीत आहेत. रंग आहे की नाही तेही कळत नाही. याच्या काचेला शिवण लागते. बघ ना, प्रत्येक पट्टीला दोन्ही अंगाला बारीक कड उठलीय. असं का गं?"

सिस्टरने बोट टेकवलं. लग्नाला बावीस वर्षं झाली तेव्हा तिने काम सोडलं होतं, त्याला तीन वर्षं उलटली होती, आणि इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या काचेला हात लावत होती. कड लागली. एका पट्टीला, दुसरीला, सगळ्यांना. ती धाकटीशेजारी बसली.

डॉक्टर दारात उभे होते. किती वेळ होते कोण जाणे. त्यांनी सगळं ऐकलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको, सांगू नकोस. त्यांची खूण तिला कळली नाही असं आयुष्यात झालं नव्हतं. तळहात पुढे आला की हवं ते ती ठेवत आली होती.

"टेप लावून रंगवलं की तशी कड राहते," सिस्टर म्हणाली.

"मग याच्याआधी नव्हती का लावत टेप?"

"नाही. गरज नव्हती."

"याला का लागली?"

"हात थरथरायला लागला होता म्हणून."

धाकटीचं बोट काचेवरच होतं. तिला वेळ लागला. सुईत दोरा जायला लागतो तेवढाच. "हे कधी केलेलं?" तिने विचारलं.

"तुझ्या ऑपरेशनच्या आधी. मी त्यांच्यावर शंका घेतली होती. मला दाखवायला केलं त्यांनी. मी बघितलं आणि तुला फोन केला." सिस्टरला रडू फुटलं. "मीच केला फोन."

"इथे टेबलावर थरथरायचा," डॉक्टर दारातून म्हणाले. "तिथे थिएटरमध्ये नव्हता थरथरत. खरंच नव्हता. मला वाटलं होतं, तिथे कधीच नाही थरथरणार."

 धाकटीने लँकेस्टर दोन्ही हातांनी उचललं आणि आवाजाच्या दिशेने पुढे धरलं. सिस्टर उठली नाही. शेवटी डॉक्टर पुढे आले आणि त्यांनीच ते घेतलं.

आणि ते सैल पंखे वाजायला लागले. किटकिट, किटकिट, चारही, न थांबता. डॉक्टरांनी दुसऱ्या हाताने आधार दिला तरी थांबेनात. धाकटी मान तिरकी करून ऐकत राहिली. या घरात आल्यापासून डॉक्टरांचा हात तिला दिसला नव्हता. आता दिसला.

"ताई," ती म्हणाली, "उद्या सोमवार ना? यांच्याकडे उद्या ऑपरेशनला किती जण आहेत?"

"चार."

"मग रडत काय बसलीस? फोन कर त्यांना."