पाच मिनिटांचा अंगठा

लतिकाला त्या चेंडूची शिसारी आली होती. रबराचा, अंगभर काटे असलेला हिरवा चेंडू. तिचा नवरा प्रल्हाद तो आधी आपल्या टाचेखाली घोळवायचा आणि त्याला चिकटलेले केस, धुळीचे पुंजके तसेच ठेवून म्हणायचा, "हा घे, भिंतीला पाठ लाव आणि फिरव." फिरव म्हणे.

फुलपाड्याच्या त्या घरात लतिका रोज सकाळी डब्यांच्या नव्वद पोळ्या लाटायची. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली सुपारीएवढी गाठ धरली होती, आणि माणसाचा स्वतःचा हात नेमका तिथंच पोचत नाही. तिला दुसरं काही नको होतं. नवऱ्याने पाच मिनिटं अंगठा दाबून धरावा, एवढंच. लाज सोडून तिनं हे दोनदा सांगितलंही होतं.

पण प्रल्हादचा अंगठा मोबाइलमधून मोकळा होईल तर ना. "ट्रिगर पॉइंट म्हणतात त्याला," तो म्हणायचा. "हाताने दाबून भागत नाही, योग्य साधन निवडावं लागतं." चेंडूमागून आला फोमचा रोलर. त्याला नव्या चपलेचा वास, आणि त्यावर आडवं पडलं की गाठ सोडून बाकी सगळं दुखायचं. मग आली आकड्यासारखी वाकडी प्लॅस्टिकची दांडी. ती खांद्यावरून मागे टाकायची आणि आपली आपणच ओढायची. दांडीच्या टोकावरच्या बोंडावर तेलाचा, घामाचा, बामाचा काळपट थर बसला. घासला तरी बोटाला बुळबुळीत लागायचा, आणि लतिकाला मळमळायचं. प्रल्हाद मात्र मोबाइलवर पुढच्या साधनाचे स्टार मोजत होता. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

शुक्रवारी बर्था मासळी घेऊन आली. ही पाचूबंदरची कोळीण, बारा वर्षं या इमारतीत येणारी. लतिकानं बोंबील घ्यायला थाळी पुढे केली आणि हात मध्येच अडकला. थाळी खाली आदळली.

"काय झाला गो बाय?"

लतिकानं सांगितलं. बर्थानं टोपली बाजूला सारली, आत येऊन मोरीत हात धुतले, लुगड्याला कोरडे केले. "फिर तिकडं," म्हणाली. हात धुतले म्हणून वास थोडाच जातो. तो गार, खरबरीत अंगठा मानेखाली टेकला तेव्हा लतिकानं अंग चोरलं. मासळी ती रोज हातानं साफ करी, पण दुसऱ्या कुणाचा तसला हात अंगाला लागायचा म्हणजे नको वाटलं. तेवढ्यात अंगठा खाली सरकला आणि गाठीवर रुतला.

"हितंच ना?" बर्था म्हणाली. "आमी बंदरावर टोपल्या उचलन्याआधी एकमेकींची पाठ अशीच दाबतो. नायतर पानी प्यायला पन हात उठनार नाय."

लतिका ओट्याला धरून रडली. कळ तर गेलीच होती, पण कुणीतरी हात लावला म्हणून ती रडली.

संध्याकाळी चहा पिता पिता प्रल्हादनं मोबाइल पुढे केला. पडद्यावर बंदुकीसारखं एक मालिशचं यंत्र होतं, त्याला बदलायची सहा डोकी. "काळं घेऊ की निळं?"

लतिका त्याच्या शेजारी येऊन पाठ करून बसली. त्याचा हात धरून तिनं बरोबर त्या जागी नेऊन ठेवला. "इथं. अहो, एकदाच दाबून बघा."

हात क्षणभर तिथं राहिला, निपचित. मग निसटला. "अगं, चिकट लागतंय," प्रल्हाद म्हणाला आणि बोटं सोफ्याच्या कव्हरला पुसली. एकदा नाही, दोनदा. मग त्यांचा वासही घेऊन पाहिला.

लतिका उठून उभी राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, आपल्याला किळस येते ती त्या रबराची नि प्लॅस्टिकची.

"काळं मागवा," ती म्हणाली. "आणि आजपासून तुमचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घाला. झोपेत तुमचा हात लागला तर मला ओकारी येईल."