शोकेसमधला केक

मी केक बोलतोय. तीन मजली, वर साखरेचे गुलाब. मुलांनो, तोंडाला पाणी सुटण्याआधी सांगून टाकतो, मी थर्माकोलचा आहे.

माझा जन्म एका नव्या फ्रिजच्या खोक्यात झाला. फ्रिज बेकरीत लागला आणि मला मालकीणबाईंनी गोल कापून, वर साखरेचा लेप चढवून शोकेसमध्ये बसवलं. लेप मळला की खरवडून नवा देतात. मुलं काचेला नाक लावून मला बघत. मला वाटे, काय पारख आहे यांची!

मालकीणबाईंच्या लेकीला मात्र आपल्याला कोणी बघूच नये असं वाटे. तिच्या गालावर कोडाचा पांढरा डाग होता. शाळेतून आली की ती मागच्या खोलीत साचे घासत बसे.

"जरा काउंटरवर ये की गं," आई म्हणे.

"नको. लोक गालाकडे बघतात."

"बघू देत. देवाने तुला हाताने घडवलंय, साच्यातून नाही काढलेलं."

भट्टी पेटवताना आई रोज डोळे मिटून देवाला म्हणे, "तू आहेस ना, मग झालं." लेकीला ते पाठ होतं, पटलेलं नव्हतं.

एकदा एका बाईंनी वडिलांच्या वाढदिवसासाठी हुबेहूब माझ्यासारखा केक सांगितला. झाला छान, पण एका बाजूने जरा बसला. त्याच दिवशी माझाही लेप बदलला होता, त्यामुळे आम्ही दोघं टेबलावर शेजारी होतो. केक पोचवायला आलेल्या लेकीच्या मामाने आमच्यातला देखणा उचलला. वजनावरून तरी कळायला हवं होतं, पण ओझं हलकं निघालं म्हणून कोणी तक्रार करत नाही.

ज्यांचा वाढदिवस, त्या आजोबांनी सुरी चालवली. मी करकरलो. पाहुण्यांच्या कपड्यांवर माझे पांढरे मणी उडाले. बाईंनी दुकानात फोन केला, "खरा केक लगेच आला नाही, तर तुमची बेकरी कशी चालते तेच बघते." मामा दुसरीकडे गेलेला, आईचे पाव भट्टीत. उरली लेक.

ती दारात आली तेव्हा सुरी अजून माझ्या पोटात होती. तिच्या हातातला केक वाटेत आणखी कलला होता. सगळा हॉल आधी तिच्या गालाकडे बघू लागला, मग केककडे. तिने डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटली. आईचेच शब्द होते ते.

"चूक आमची आहे," ती म्हणाली. "हा दिसायला बिघडलाय, पण आईने मनापासून केलाय. खाऊन तर बघा."

"आणि फोटो कसे काढायचे याच्याबरोबर?" बाई म्हणाल्या.

शेवटी फोटो माझ्याबरोबर काढले आणि खाल्लं त्याला. आजोबांनी तर बशी बोटाने पुसून घेतली. मला आयुष्यात पहिल्यांदाच फार वाईट वाटलं.

एक चिमुरडी लेकीजवळ आली. "ताई, तुझ्या गालाला क्रीम लागलंय का?"

लेकीने गालाला हात लावला. मग म्हणाली, "नाही गं. माझा गालच असा आहे."

"बरं. अजून एक तुकडा दे."

हल्ली मी पुन्हा शोकेसमध्ये असतो, कापलेली बाजू भिंतीकडे करून. लेक काउंटरवर असते. गालाकडे बघणारे अजूनही बघतात. ती त्यांना काय हवंय ते विचारते.

तेव्हा मुलांनो, माझ्यासमोर फार वेळ थांबू नका. माझ्या आत काही नाही, हे सगळ्यांसमोर कापून पाहिलेलं आहे. दार ढकला आणि तिच्याकडे जा.