रेकॉर्डसारखं

“सूर तुटला नाही गा देवराव! तिथं तुटते ना तो!” बँडमास्तर मारोतरावांनी नागपूर स्टेशनच्या भर प्लॅटफॉर्मवर हात वर करून बँड थांबवला. “रेकॉर्ड आयकली नाही काय कधी?”

देवरावाने रेकॉर्ड ऐकली होती. तिच्यावरचं क्लॅरिओनेट त्याचंच होतं. हे त्याने नागपुरात दोनदा सांगून पाहिलं. पहिल्यांदा लोक हसले, दुसऱ्यांदा चहा पाजून हसले. तिसऱ्यांदा तो सांगायला गेला नाही.

गाणं सगळ्यांना पाठ होतं. मुंबईला जाऊ नका, तिथे माणूस स्वप्नं घेऊन जातो आणि फुटपाथवर निजतो, असा एकूण आशय. हे दुःख ज्याने गायलं त्याचा समुद्राकाठी बंगला झाला. ज्याने लिहिलं त्याने मोटार घेतली. नागपूरच्या वरातींत लोक त्यावर दातात रुमाल धरून नाचले. आणि यंदा, चौऱ्याहत्तर सालच्या गणपतीत, गांधीबागेतल्या एका मंडळाच्या गायनस्पर्धेत देवरावाचा भाचा रविंद्र हेच गाणं म्हणून पहिला आला. मुंबईला जाऊ नये हे सर्वांत सुरेल सांगितल्याबद्दल अध्यक्ष गिरिधरसेठ यांनी त्याला मुंबईचं तिकीट बक्षीस दिलं. फक्त जाण्याचं. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.

म्हणून आज हा बँड, हे हार.

रविंद्रची आई तुळसाबाई स्टेशनवर आली नव्हती. घरून निघताना तिने जेवणाच्या डब्याची पिशवी भावाच्या हातात दिली होती. “भाऊ, तुयाच्यानं होत असन त अडव त्याले. नाही त हा डबा तरी हातात दे. उपाशी नोको जाऊ देऊ.”

गळ्यात चार हार घालून रविंद्र गाडीच्या दारात उभा होता. “मामा, आज तरी बरोबर वाजवा ना!”

देवराव दाराशी गेला. “रविंद्र, आयक. तो सूर मी तोडला नव्हता. रेकॉर्डिंगले गेलो तवा दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. फुंकता फुंकता दमच संपला. मी म्हटलं, साहेब, एक डाव पुन्हा घ्या. त्यायनं म्हटलं, राहू दे, यात दर्द हाय.”

रविंद्रचे डोळे चमकले. “म्हणजे ते खरंच तुमी होते?”

“मीच होतो. उतर खाली.”

“दोन दिवसाच्या उपाशी माणसाचंबी तिथं एवढं नाव होऊन जाते, मामा!”

“नाव? कोणाचं नाव? रेकॉर्डवर वाच बरं कोठी हाय माहं नाव!”

“तुमाले जमलं नाही, म्हणून मले बी नाही जमणार काय?” रविंद्र हसला. हार सारखे करत तो गिरिधरसेठच्या फोटोग्राफरकडे वळला.

देवराव बँडकडे परत आला. सात वर्षं मुंबईत उपाशी राहिला, ते एक वेळ ठीक. पण परतल्यावरही सात वर्षं, पोटभर वरणभात खाऊन, दर लग्नात तो उपाशी माणसासारखा अडखळत होता. लोकांना तसंच लागत होतं. एकदा त्याने तो तुकडा नीट वाजवला, तर वरबापाने विचारलं होतं, नवीन माणूस हाय काय?

गार्डाची शिट्टी झाली. “चला, पुन्हा!” मारोतराव ओरडले. “अन् आता तोड गा, देवराव!”

देवरावाने पिशवी कोपरात अडकवली आणि क्लॅरिओनेट तोंडाला लावलं. ती जागा आली. ढोल थांबला, ट्रंपेट थांबलं, सगळे त्या तुटण्याची वाट बघत राहिले. देवराव थांबला नाही. डोळे मिटून, छाती फाटेस्तोवर त्याने तो सूर पुढे नेला. मुंबईत जिथे सुटला होता तिथून उचलला, वर चढवला आणि सावकाश, अखंड, घरी आणून ठेवला.

डोळे उघडले तेव्हा समोर रिकामे रूळ होते.

“चुकला ना गा पुन्हा?” मारोतराव म्हणाले.

“हाव,” देवराव म्हणाला.

त्याने क्लॅरिओनेट उलटं करून थुंकी झटकली. कोपरात पिशवी तशीच होती. त्याने हात लावून पाहिलं. डबा अजून गरम होता.