अर्ध्या झोपेची गादी

मी एक जुनी कापसाची गादी आहे. मित्रांनो, गादीचं आयुष्य म्हणजे नुसता निवांतपणा, असं तुम्हाला वाटत असेल. पण बदलापूर गावातल्या या घरात येऊन मला चाळीसहून जास्त वर्षं झाली, आणि त्यांत निवांत असं फारसं काही मला आठवत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका चिंचोळ्या दुकानात माझा जन्म झाला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खोळीत पिंजलेला कापूस भरून मला जाड दोऱ्याने शिवलं. गोदू तेव्हा नवी नवरी होती. मला हाताने दाबून ती म्हणाली, "काय मऊ हाय गो बाय! हिच्यावरून माणूस उठायचाच नाय!"

तिचा नवरा महिपती मात्र उठायचा. अंबरनाथच्या कारखान्यात पाळी आणि घरी आला की भाजीचा मळा. माझ्या वाट्याला तो जेमतेम चार तास यायचा. "चार तास बस झाले. झोपून कोण मोठा झालाय?" असं ऐटीत सांगायचा. गाव त्याचं कौतुक करायचं. सगळ्यांत जास्त गोदू करायची.

एखाद्या रात्री झोप कमी झाली तर काही बिघडत नाही, मित्रांनो. म्हणूनच तर माणूस फसतो. वीस वर्षांनी महिपतीचा रक्तदाब वाढला. तंबाखूही होती, हे खरं; पण डॉक्टर झोपेचं विचारत, तेव्हा तो हसण्यावारी नेई. चोपन्नाव्या वर्षी एका सकाळी त्याचा डावा हात माझ्यावरून उचललाच गेला नाही. पुढची दोन वर्षं तो दिवसरात्र माझ्यावरच होता. इतकी वर्षं मी त्याची वाट पाहिली होती, पण ती अशी नव्हे.

तो गेल्यावर मला पिंजून नवी खोळ चढवली आणि मी त्याचा मुलगा प्रीतम आणि सून माधवी यांच्या खोलीत आले. प्रीतम कामावरून अकराला येई. त्याला गरम जेवण वाढून माधवी आडवी होई, तेव्हा साडेअकरा वाजलेले असत. आणि सुनेने सासूच्या आधी उठायचं, हा तर घरचा रिवाजच. "आमची माधवी माझ्या आधी उठते हो!" गोदू शेजारच्या रखमाला अभिमानाने सांगायची.

आता गंमत पाहा. म्हातारपणी गोदूची झोप मोडू लागली. बाहेरच्या खोलीत ती पाचला खोकली, की माधवी दचकून उठे आणि भांड्यांना हात घाले. दुसऱ्या दिवशी ती भांडी ऐकून गोदूला वाटे, सून कामाला लागली, आपण कसं लोळायचं? मग ती आणखी लवकर उठे आणि माधवी त्याहून लवकर. पाचाचे साडेचार झाले, साडेचाराचे चार, चाराचे साडेतीन. मला सगळं कळत होतं, पण मला कुठे बोलता येतं?

माधवीचं डोकं दुखू लागलं. पोळी तव्यावर टाकून ती उभ्या उभ्या डुलकी घेई. एके दिवशी गावातल्या तपासणी शिबिरातून आली ती माझ्यावर मटकन बसलीच.

"दाब दीडशेच्या वर आहे, आई. डॉक्टर म्हणाले, अडतीसाव्या वर्षी हे बरं नाही. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. वर्षानुवर्षं कमी पडली, की हृदयावर येतं."

गोदू माझ्याकडे वळली. मग मला चापटी मारून म्हणाली, "हिलाच गोळे झालेत. पिंजून आणू."

दोष माझा! काय सांगू, कसं वाटलं!

दुसऱ्या दिवशी दोघी मला घेऊन कॅम्प दोनमध्ये गेल्या. गादीवाल्या चाचांनी टाके उसवले, कापूस चाचपला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "माई, ही बाजू दबली आहे. पण इस तरफ कोई सोता नहीं क्या? कापूस नवाच्या नवा!"

ती बाजू माधवीची होती.

"मग उठतेस कशाला येवढ्या लवकर?" गोदूने विचारलं.

"तुम्ही उठता म्हणून."

"मी? अगो, मी तर तुझी भांडी वाजतात म्हणून उठते!"

"लो! दोघी एकमेकींचा अलार्म!" चाचा खो खो हसले.

गोदू हसली नाही. माझ्या कापसावर तिचा हात तसाच राहिला. "एक माणूस मी कौतुक करून करून घालवला," ती हळूच म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने प्रीतमला फोनवर बजावलं, "आजपासून ताट तुझं तू वाढून घे." माधवी दहाला आडवी झाली.

पहाटे साडेतीनला नेहमीचा खोकला आला, पण अर्धाच. उरलेला गोदूने पदरात दाबला. माधवी चाळवली. माझा तर टाका न् टाका ताणला गेला. पण बाहेर गोदूची खाट वाजली नाही. हळूहळू माधवीचा श्वास पुन्हा लांब झाला. खिडकीत उजाडलं. साडेसहाला अंगणातून रखमाची हाक आली, "गोदूबाय, सून उठली नाय अजून?"

"हळू बोल गो!" गोदू खाटेवरूनच म्हणाली. "आमची माधवी झोपलीय." आवाजात अभिमान तोच होता.

मित्रांनो, मला कधी तरी ऊन दाखवलंत तरी पुरे. पण तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण झोपतं आणि सगळ्यांत आधी कोण उठतं, ते एकदा पाहा. माणूस एकच असेल, तर त्याच्या वाटचं थोडं काम उचला आणि भांडी हळू ठेवा. दहा वर्षांची झोप एका सकाळी भरून निघत नाही. साडेतीन वाजले, की मी अजूनही श्वास रोखून ऐकत असते, गोदूची खाट वाजते का.