साबण लावलेली लेक

मी एक म्हातारी दुभती मेंढी आहे. मित्रांनो, एकेकाळी माझा तोरा पाहण्यासारखा होता. लांब कान, मऊ लोकर आणि घट्ट, सायीचे दूध. जनावरांचे डॉक्टर म्हणायचे, "या जातीच्या मेंढ्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. जपा हिला." ते ऐकल्यापासून गव्हाणीत पहिले तोंड मीच घालायची. बाकीच्यांनी मागे सरायचे.

माझी धार मालकिणीची आत्या काढायची. तिला मी कधी लाथ मारली नाही. पण तीन वेते मला नुसते नरच झाले, आणि आमची जात टिकायची तर मादी हवी होती. चौथ्या वेताला ती झाली. मी तिला चाटून चाटून उभी केली.

आत्या दूध पोचवायला बाहेर गेली होती. पाहुणे हे नवलाचे कोकरू बघायला यायचे होते, म्हणून मालकिणीने हौसेने तिला वासाच्या साबणाने आंघोळ घातली. मग ती पाहुण्यांच्या मांड्यांवरून फिरली. परत आणल्यावर बें बें करत थेट माझ्या कासेकडे आली. मी हुंगले. वास परका होता. मी ढुशी मारली, ती भिंतीवर आपटली आणि तिचा पुढचा पाय मोडला.

मित्रांनो, आवाज तिचाच होता. मी ऐकले फक्त नाकाचे.

आत्या परतली आणि कोकरू हुंगून थबकली.

"हिला साबण लावलास?"

"पाहुणे येणार होते, आत्या. किती चिकट दिसत होती."

"अगं, आईनं चाटलेलं होतं ते. आता लेक ओळखायची कशानं तिनं?"



आत्याने माझेच दूध कोकराच्या पाठीला चोळले, मला खुंट्याला बांधले आणि लेकीला कासेला लावले. मी पान्हा चोरला. रोज चरवी भरणारी मी, पण एक थेंब सोडला नाही. पाय मोडला ती चूक म्हणता येईल. दूध मात्र मी हट्टाने अडवले, आणि त्याची लाज मला अजून खाते.

ती बाटलीच्या दुधावर जगली. लंगडत आत्याच्या मागे मागे फिरायची. माझ्या हाकेला तिने कधी मान वळवली नाही.

आज सकाळी ती व्याली. मादीच झाली. मालकीण दोन्ही हात पाठीमागे घेऊन दारातूनच बघत होती. ओले कोकरू धडपडत चुकून माझ्यापाशी आले. मी हुंगले. साबण लागण्याआधी माझ्या लेकीला हाच वास होता. मी चाटायला तोंड पुढे केले, तोच लेक आधू पाय ओढत आली आणि आमच्या मधे उभी राहिली.

तिचे बरोबरच होते. मी मागे सरले.

मित्रांनो, नवे कोकरू लांबूनच बघा. त्याच्या आईचे चाटणे पुरते होऊ द्या. आणि आपल्याच कुणाला कधी ढकलले असेल, तर निदान त्याला आधी जागा द्या. गव्हाणीवर आता मी शेवटी जाते, लेकीचे पोट भरल्यावर.