पाइपापलीकडची काकडी

मधुकरकाका हरले. गेल्या रविवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, दोन साक्षीदारांसमोर त्यांनी कबूल केलं की ठिबकने निम्म्या पाण्यात काकडी येते. आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही. काकांनाही काही आठवत नाही.

रेल्वेतून रिटायर झाल्यापासून काका उज्जैनबाहेरच्या शेतात भाजी लावतात. यंदा उघड्यावर त्यांची काकडी, पाटाने पाणी पिणारी. पॉलीहाउसमध्ये माझी, थेंबाथेंबाने. हंगामाअखेर माझी कमी भरली तर ठिबकच्या सगळ्या नळ्या उपटायच्या, असं ठरलं होतं. मी शहरात, फ्रीगंजला नोकरी करतो, शेतावर फक्त रविवारी.

पाणी निम्मं लागत होतं. पण काकडीही निम्मीच निघत होती, आणि तीही दाराकडच्याच भागातून. मागचा अर्धा भाग हिरवागार, काकडी शून्य. देठ मात्र ताजे तुटलेले.

"विहंग, तुझ्या नळ्यांत दमच नाही," काका म्हणाले.

मी वाटी लावून थेंब मोजले. पुढे-मागे सारखेच. मग मला काकांचा संशय आला. काकांना माझा.

"मी माझीच काकडी चोरून स्वतःच का हरेन?"

"आजकालच्या पोरांचा काही भरोसा नाही."

काकडी तोडायचं काम अलकाकाकूंचं. त्यांना कुणाचाच संशय येत नव्हता, हे मला सगळ्यात संशयास्पद वाटलं. शिवाय शेत सांभाळणाऱ्या बापूंचा बैल. दोन महिन्यांत तो अंगाने इतका सुटला होता की फाटकातून तिरका जायचा. त्याने माझ्याकडे बघून ढेकर दिला. काकडीचा वास होता.

म्हणून त्या रविवारी मी सकाळपासून वेलींमागे उकिडवा बसलो. काकू टोपली घेऊन आल्या, तोडत तोडत मधोमध पोचल्या. तिथे मुख्य पाइप या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा जातो. त्याचा व्हॉल्व्ह जरा गळतो. पाइप हलू नये म्हणून मी व्हॉल्व्हखाली एक गोल काळा दगड ठेवला होता. उज्जैनमध्ये गोल दगड आणि टपकणारं पाणी एकत्र ठेवणं, ही माझी तांत्रिक चूक.

दगडावर बेलपान होतं. काकूंनी हात जोडले आणि मागे फिरल्या.

"काकू, पलीकडची?"

काकू दचकल्यासुद्धा नाहीत. "अभिषेकाचं पाणी ओलांडतात का रे कुणी?"

"तो दगड मी ठेवलाय!"

"तू ठेवलास. बसले कोण, ते बघ."

दारातून बापू म्हणाले, "भैया, भाभीजी बोलीं उधर का सब भगवान का है. तो मैं पीछे से तोड़कर नंदी को खिला देता हूँ." बापू अनवाणी जायचे, नमस्कार करून, म्हणून त्यांना चालायचं म्हणे.

ते ऐकत काका आले. दाराबाहेरच्या बैलाभोवती एक पूर्ण चक्कर मारून म्हणाले, "म्हणजे माल निघतो. मानलं." वाजले होते सव्वाबारा. बारा सोळाला ते म्हणाले, "पण बैलाच्या पोटातली मी धरणार नाही. पंधरा दिवस दोन्हीकडची काकडी अलकानेच तोडून वजन दाखवायचं. नाहीतर नळ्या गेल्या."

"व्हॉल्व्ह दुरुस्त करतो," मी म्हटलं.

"खबरदार! चालू अभिषेक बंद करतोस?" काकू म्हणाल्या. "तो दगडच आहे असा सरकारी शिक्क्याचा कागद आण, मग ओलांडते."

सोमवारी मी उद्यानिकीच्या, म्हणजे सरकारी बागायती खात्याच्या, कार्यालयात अर्ज दिला. मूळ हिंदीत आहे. मराठीत तो असा:

विषय: दगड दगडच असल्याबाबत.

महोदय, नम्र विनंती की, आपण प्रत्यक्ष पाहणी करून सदर दगड हा दगड व सदर पाणी हे निव्वळ पाणी असल्याचा सहीशिक्क्याचा दाखला पंधरा दिवसांच्या आत द्यावा. पाहणीच्या वेळी आपण स्वतः सदर पाइप सौ. अलका यांच्यासमक्ष एकदा ओलांडून दाखवावा, आणि त्यापूर्वी कृपया चपला काढू नयेत.