दहा मिनिटं, काचेआड

फ्रिजवर चिकटवलेला कागद: घरात फक्त शाळेची भाषा.

शाळेतली खोली. ठोकळे, लाल आणि पिवळे. दोरा. एक रिकामं रीळ.

काच. पलीकडे तपासनीस बाई, हातात पेन.

“बाबा. हा वर. हा खाली. कळलं?”

हे बोलली ती भिंगरी, वय साडेपाच. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारा. हुशार मुलांच्या खास वर्गात एकच जागा उरली होती आणि ती भिंगरीला मिळणार की नाही, हे या दहा मिनिटांत ठरायचं होतं. बापलेकीनं खेळायचं, बोलायचं, तेही शाळेच्याच भाषेत.

तो कागद आठ महिन्यांपूर्वी शाळेनंच दिलेला. दोन भाषांत पोर गोंधळते, म्हणाले. बाबानं तो इमानेइतबारे पाळला. त्याआधी लिफ्टच्या दोराच्या पलीकडच्या टोकाला तोलासाठी लटकणाऱ्या वजनावरून दोघांचे घरच्या भाषेत असे वाद रंगायचे की ताटातलं गार व्हायचं. आता बाबाची शाळेची भाषा म्हणजे मोडकी खाट. भिंगरी तिच्यावर जपून बसायची. त्याला झेपेल असंच बोलायची. दोन शब्द, तीन शब्द, सावकाश.

आजही तेच. तिनं रिळावरून दोरा टाकला, दोन्ही टोकांना ठोकळे बांधून तोल साधला. बोलली मात्र तान्ह्या बाळाशी बोलावं तशी.

बाई आत आल्या. भाषा तुटक, वयाच्या मानानं मागे, असं त्यांनी लिहिलं होतं.

बाबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोर मला सांभाळून घेते, एवढंच तर सांगायचं होतं. जमलं ते असं: “मी कमी. ती नाही कमी.”

बाई समजुतीनं हसल्या.

मग नियम गेला खड्ड्यात. त्यानं घरच्या भाषेत विचारलं, “भिंगरे, लिफ्ट रिकामी असली तर गं?”

“मग पलीकडचंच जड. मोटर बंद पडली आणि ब्रेकही सुटला तर लिफ्ट आपोआप वर जाईल. म्हणून पलीकडे तू लिफ्ट आणि अर्ध्याच माणसांचं वजन धरतोस ना? पण बाबा, सगळे एकदम उतरले तर ब्रेक कुणाला धरतो, लिफ्टला की वजनाला?”

ती थांबेचना. बाईंना ती भाषा येत नव्हती. गप्पिष्ट आहे, म्हणाल्या, पण याला तक्त्यात रकाना नाही. दुभाषा बोलवा, असं बाबानं हातवारे करून सुचवलं. पुढच्या वर्षी अर्ज करा, असं उत्तर आलं. हातात पाना असता तरी नेमकं काय सैल करायचं, हे त्याला सुचलं नसतं.

त्याच सकाळी मावशीबरोबर बसमधून इथे येताना, पूल का पडत नाही हे भिंगरीनं शेजारच्या आजोबांना तीन थांबे समजावलं होतं, शाळेच्या भाषेत.